एकराचा सातवा हिस्सा

१७७३ च्या मे महिन्यात थॉमस जेफरसन यांनी आपल्या टिपणवहीत एक हिशेब लिहून ठेवला. दोन माणसांनी ८० फूट लांब आणि ८० फूट रुंद अशी दफनभूमीची जागा, म्हणजे एकराचा सातवा हिस्सा, साडेतीन तासांत झाडेझुडपे मुळासकट उपटून साफ केली. त्याअर्थी एकट्या माणसाला तेवढ्याच कामासाठी सात तास लागले असते, आणि एक एकर साफ करायला ४९ तास, म्हणजे चार दिवस. दिवसाला बारा तासांहून थोडे अधिक काम, असे त्यांचे प्रमाण या हिशेबातून आपोआप निघते. पुढे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष झालेल्या या माणसाच्या घराण्याची दफनभूमी जमिनीवर पहिल्यांदा आखली गेली ती अशी, कुदळ-फावड्याच्या हिशेबाने. जागा किती, वेळ किती आणि माणसे किती हे सगळे त्या नोंदीत आहे. ती दोन माणसे कोण होती हे मात्र नाही.

खासगी जमिनीवरच्या घराण्यांच्या दफनभूम्या हा माझ्या वाचनाचा बऱ्याच वर्षांचा विषय आहे. मोठ्या सार्वजनिक दफनभूमीत हजारो अनोळखी माणसे शेजारी शेजारी असतात. लहानशा कौटुंबिक दफनभूमीत मात्र कोण कोणाच्या शेजारी आहे, कोणाच्या दगडावर कोणाचे नाव आहे आणि कोणाला दगडच नाही, या प्रत्येक गोष्टीमागे कोणाचा तरी निर्णय असतो. व्हर्जिनिया राज्यात अशा दफनभूम्या फार आहेत, कारण वसाहतीच्या काळात तिथले तंबाखूचे मळे एकमेकांपासून दूर पसरलेले होते, चर्चचा एकेक परगणा अवाढव्य होता आणि मृतदेह मैलोगणती नेण्यापेक्षा आपल्याच जमिनीत एखादा उंचवटा राखून ठेवणे लोकांना सोयीचे वाटे. शार्लट्सव्हिल गावाजवळच्या मॉन्टिचेलो टेकडीवरची जेफरसन घराण्याची दफनभूमी ही त्यांपैकीच एक. ती मी एकदा प्रत्यक्ष पाहिली, आणि तेव्हापासून तिच्याविषयी मिळेल ते वाचत आले आहे.

या दफनभूमीची कल्पना पहिल्या मृत्यूच्या दोन वर्षे आधीची आहे. जेफरसन यांचा जन्म १७४३ चा. १७६८ मध्ये त्यांनी टेकडीचा माथा सपाट करायला घेतला, पुढल्या वर्षी घराचे बांधकाम सुरू केले, आणि १७७१ मध्ये, अजून लग्नही झालेले नसताना, या तरुण वकिलाने आपल्या जमिनीवरच्या दफनभूमीचा आराखडा शब्दांत लिहून काढला. जुनाट ओकवृक्षांमधली एखादी निर्जन दरी निवडावी, मध्ये काळोखी सदाहरित झाडे असावीत, भोवती देवदाराचे न छाटलेले कुंपण असावे आणि मधोमध प्राचीन भासेल असे एक लहान गॉथिक मंदिर बांधावे, असे त्यात आहे. यात त्या काळच्या तरुणांना आवडणारी उदासी पुष्कळ आहे, आणि ती मला मुळीच खोटी वाटत नाही. पण त्याच मजकुरात पुढे दोन गोष्टी आहेत ज्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. या जागेचा अर्धा भाग आपल्या कुटुंबासाठी राखावा आणि उरलेला अर्धा परके, नोकर-चाकर इत्यादींसाठी, असे जेफरसन लिहितात. आणि एखाद्या आवडत्या, विश्वासू सेवकाच्या थडग्यावर खडबडीत दगडांचा पिरॅमिड उभारता येईल, असेही सुचवतात. त्या घरात ‘सेवक’ या शब्दाचा अर्थ जवळजवळ नेहमी गुलाम असाच होता.

कागदावर अशी दोन अर्धांची दफनभूमी होती. जमिनीवर आली ती एकच अर्धी.

डॅब्नी कार हा जेफरसन यांचा शाळेपासूनचा मित्र. दोघे एकाच वर्षी जन्मलेले. या टेकडीच्या उतारावरच्या एका ओकवृक्षाखाली दोघे मुलगे पुस्तके घेऊन बसत, आणि आपल्यापैकी जो आधी जाईल त्याला दुसऱ्याने याच झाडाखाली पुरावे असे वचन त्यांनी एकमेकांना दिले होते, असे घराण्यात सांगितले जात आले आहे. १७६५ मध्ये कारने जेफरसन यांच्या मार्था नावाच्या बहिणीशी लग्न केले, तेव्हा मित्र मेहुणाही झाला. मार्च १७७३ मध्ये, वसाहतींनी परस्परांशी पत्रव्यवहार ठेवण्यासाठी समिती नेमावी हा महत्त्वाचा ठराव व्हर्जिनियाच्या विधिमंडळात मांडण्याचा मान त्याला मिळाला. दोन महिन्यांनी, १६ मे रोजी, तापाने तो गेला. वय २९, मागे पत्नी आणि सहा मुले. जेफरसन त्या वेळी दूर होते. त्यांना कळेपर्यंत कारला त्यांच्या जन्मघरी, शॅडवेल येथे, पुरलेही होते. परतल्यावर जेफरसन यांनी तो देह तिथून काढून टेकडीवर आणवला आणि ओकखाली पुन्हा पुरला. साडेतीन तासांचा तो हिशेब या दिवसांतला आहे.

बाहेरून आलेल्या, जेफरसन आडनाव नसलेल्या माणसापासून जेफरसन घराण्याची दफनभूमी सुरू झाली, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. कारच्या दगडासाठी जेफरसन यांनी जो मजकूर लिहिला त्यात त्याचे सद्गुण, समंजसपणा, विद्वत्ता आणि मैत्री यांचा उल्लेख आहे, आणि शेवटी, हयात माणसांमध्ये त्याच्यावर सर्वाधिक प्रेम करणारा अशी स्वतःची ओळख जेफरसन यांनी करून दिली आहे. आपली विधवा बहीण आणि तिची सहाही मुले त्यांनी पुढे आपल्या घरी आणली व मुलांच्या शिक्षणाकडे स्वतः लक्ष दिले. त्या मुलांपैकी पीटर आणि सॅम्युएल ही दोन नावे लक्षात ठेवावीत. ती पुन्हा येणार आहेत.

३१ मार्च १७७६ रोजी जेफरसन यांच्या आई जेन गेल्या. सकाळी आठच्या सुमारास आई वारली, वय सत्तावन्नावे, एवढीच नोंद मुलाने केली, आणि तीन महिन्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहून पूर्ण केला. आईच्या बाबतीत हा हात एवढा आखडता का झाला, याविषयी चरित्रकारांनी बरेच तर्क केले आहेत. मला त्या एका ओळीवरून काही निष्कर्ष काढावासा वाटत नाही.

पत्नीच्या बाबतीत मात्र दगडच बोलतो. मार्था वेल्स स्केल्टन ही तरुण विधवा १ जानेवारी १७७२ रोजी जेफरसन यांची पत्नी झाली. दहा वर्षांत सहा बाळंतपणे झाली. त्या सहांपैकी प्रौढ वय गाठले ते दोन मुलींनी, मार्था आणि मारिया यांनी. शेवटच्या बाळंतपणातून ती उठलीच नाही आणि ६ सप्टेंबर १७८२ रोजी गेली. नवरा-बायकोंमधले एकही पत्र आज उपलब्ध नाही. उरला आहे तो थडग्यावरचा लेख. त्यात लग्नाची तारीख आहे, मृत्यूने तिला आपल्यापासून हिरावून नेले ती तारीख आहे, आणि खाली मूळ ग्रीक लिपीत इलियडच्या बाविसाव्या सर्गातल्या दोन ओळी आहेत. मृतांच्या लोकी माणसे आपल्या मृतांना विसरत असली, तरी मी तिथेही माझ्या प्रिय सोबत्याची आठवण ठेवीन, असा त्यांचा आशय; मूळ काव्यात त्या अकिलीझ आपल्या मित्राविषयी, पॅट्रोक्लसविषयी, म्हणतो. डोंगराच्या उतारावर, रानात, ग्रीक वाचू शकणारी माणसे किती येणार होती? मला वाटते, सर्वांसमोर उभ्या केलेल्या दगडावर एक खासगी गोष्ट लिहून ठेवण्याचा तो मार्ग होता. जाणाऱ्या-येणाऱ्याला तारखा दिसाव्यात, आणि दुःख फक्त लिहिणाऱ्याला व जिच्यासाठी लिहिले तिला कळावे.

स्वतःच्या थडग्याविषयी जेफरसन यांनी मागे ठेवलेला कागद प्रसिद्ध आहे. तीन फुटांचा साधा, नक्षीविरहित घनाकृती दगड, त्यावर सहा फुटांचा निमुळता स्तंभ, आणि त्यावर फक्त तीन गोष्टी: अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा लेखक आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक. राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षे त्यात नाहीत. जन्मतारीख मात्र १३ एप्रिल नसून २ एप्रिल अशी आहे, कारण ब्रिटिश साम्राज्याने १७५२ मध्ये जुने कॅलेंडर बदलून अकरा दिवस गाळले त्याआधीचा तो जन्म, आणि त्यांनी आपल्या दगडावर जुनीच गणना राखली. दगड खडबडीत, स्वस्त जातीचा असावा, म्हणजे त्याच्या किमतीच्या मोहाने कोणी तो फोडणार नाही, अशीही सूचना होती.

जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी, ते वारले. त्याच दिवशी काही तासांनी अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्सही गेले. हा योगायोग सर्वांना ठाऊक असतो. मला दुसऱ्या दिवशीचा, ५ जुलैचा, तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. शवपेटी तयार केली ती जॉन हेमिंग्ज या कुशल सुताराने, आणि खड्डा खणला तो वर्मली ह्यूज या माळ्याने. दोघेही गुलाम, आणि दोघेही एकाच घराण्यातले: जॉन हा एलिझाबेथ हेमिंग्ज या गुलाम स्त्रीचा मुलगा आणि वर्मली तिचा नातू. एलिझाबेथची आणखी एक मुलगी होती, सॅली. सॅलीचे वडील जॉन वेल्स, म्हणजे जेफरसन यांचे सासरे. याचा अर्थ, ग्रीक ओळींखाली निजलेली मार्था आणि तिच्या घरात गुलाम म्हणून राहिलेली सॅली या एका बापाच्या लेकी.

मृत्युपत्राने पाच गुलामांना मुक्त केले. त्यात जॉन होता आणि सॅलीची मॅडिसन व एस्टन ही दोन मुलेही होती. वर्मलीचे नाव त्यात नव्हते. त्याला जेफरसन यांच्या मुलीने पुढे अनौपचारिकपणे मोकळे केले, पण जेफरसन यांच्यामागे एक लाख डॉलरांहून अधिक कर्ज उरले होते, आणि ते फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोवर लिलाव पुकारला गेला, तेव्हा विक्रीच्या जाहिरातीत १३० गुलाम माणसे होती. ज्याने सहा महिन्यांपूर्वी मालकाचे थडगे खणले, त्या वर्मलीची बायको अर्सुला आणि तिची मुले या लिलावात विकली गेली.

१८३१ मध्ये घर आणि जमीनही गेली. पण विक्रीतून दफनभूमी वगळली गेली, आणि म्हणून त्या टेकडीवर नंतर मालक बदलत गेले तरी तेवढा तुकडा वंशजांकडेच राहिला. १८३४ मध्ये मॉन्टिचेलो विकत घेणारे उरायाह लेव्ही हे अमेरिकी नौदलातले यहुदी अधिकारी, जेफरसन यांच्या धर्मस्वातंत्र्याच्या विचारांचे निष्ठावंत चाहते. त्यांच्या आई रेचल १८३९ मध्ये तिथेच वारल्या, आणि त्यांना घराजवळ, गुलामांच्या झोपड्या व कार्यशाळा जिथे होत्या त्या मलबेरी रोला लागून, पुरण्यात आले. त्यांचे थडगे आजही तिथे एकटे आहे. एका टेकडीवर दोन घराण्यांची माणसे अशी वेगवेगळी निजली आहेत, आणि पाहुण्यांपैकी फार थोडे रेचलच्या दगडाशी थांबतात.

जेफरसन यांचा स्वस्त दगडाचा हिशेब चुकला. दगडाची किंमत माणसाच्या नावामुळे वाढली; भेट देणारे लोक आठवण म्हणून त्याचे कपचे फोडून नेऊ लागले. १८३३ मध्ये उभारलेला स्तंभ पन्नास वर्षांत इतका विद्रूप झाला की अमेरिकी संसदेने पैसे मंजूर करून १८८३ मध्ये त्याहून मोठा नवा स्तंभ उभारला. जुना स्तंभ मिझुरी विद्यापीठाला देण्यात आला. लुइझियानाचा जो विस्तीर्ण प्रदेश जेफरसन यांच्या कारकिर्दीत फ्रान्सकडून विकत घेतला गेला, त्या प्रदेशातले ते पहिले सरकारी विद्यापीठ. फुटक्या कडांचा तो मूळ दगड कोलंबिया शहरात त्या विद्यापीठाच्या आवारात आहे. मॉन्टिचेलोच्या लोखंडी कठड्याबाहेरून आपण पाहतो तो त्याचा भारदस्त वारसदार, आणि मला तो जरा जास्तच भारदस्त वाटला. तीन फूट आणि सहा फूट ही मापे ज्याने स्वतः लिहून ठेवली, त्याला ती मोडलेली आवडली असती असे वाटत नाही.

१९१३ मध्ये जेफरसन यांच्या वंशजांनी मॉन्टिचेलो असोसिएशन स्थापन केली. दफनभूमीची मालकी आणि देखभाल तिच्याकडे आहे, आणि तिथे आजही नवे दफन होते. सभासदत्वाची अट सरळ आहे: मार्था किंवा मारिया या दोन मुलींपैकी एकीकडून थेट वंशपरंपरा असली पाहिजे. अडचण इथेच सुरू होते.

सॅली हेमिंग्ज यांची मुले जेफरसन यांचीच, हे १८०२ पासून छापून येत होते. मॅडिसन हेमिंग्ज यांनी स्वतः १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्राला आपली हकिकत सांगितली आणि आपले वडील थॉमस जेफरसन असल्याचे स्पष्ट नोंदवले. जेफरसन यांच्या नातवंडांचे उत्तर वेगळे होते. एका नातवाने पीटर कारचे नाव घेतले, एका नातीने सॅम्युएल कारचे. ओकवृक्षाखालच्या त्या पहिल्या थडग्यातल्या मित्राचे हे मुलगे. शंभराहून अधिक वर्षे बहुतेक इतिहासकारांनी नातवंडांचे ऐकले आणि मॅडिसन यांचे ऐकले नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत एक तपासणी प्रसिद्ध झाली. वडिलांकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरणारे वाय गुणसूत्र त्यासाठी वापरले होते. जेफरसन यांना वयात आलेला मुलगा नसल्यामुळे त्यांच्या काकांच्या पुरुषपरंपरेतले वंशज घेतले गेले, आणि त्यांचे गुणसूत्र एस्टन हेमिंग्ज यांच्या परंपरेतल्या पुरुषवंशजाशी जुळले. कार घराण्याशी ते जुळले नाही. ही चाचणी एकटीने व्यक्ती ठरवू शकत नाही, घराणे ठरवते. पण मॉन्टिचेलो चालवणाऱ्या प्रतिष्ठानने सर्व कागदपत्रांसह विचार करून जानेवारी २००० मध्ये आपला निष्कर्ष दिला की एस्टनचे, आणि बहुधा सॅलीच्या सर्वच ज्ञात मुलांचे, वडील थॉमस जेफरसन असण्याची शक्यता फार मोठी आहे.

मित्राच्या दगडावर एवढे प्रेम कोरलेल्या त्याच घराण्यात, आजोबांचे नाव राखण्यासाठी त्या मित्राच्या मुलांची नावे पुढे केली गेली. या सगळ्या इतिहासात मला सर्वाधिक बोचणारी गोष्ट ही आहे. पीटर आणि सॅम्युएल तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या बाजूने कोण बोलणार होते?

मे २००२ मध्ये असोसिएशनच्या सभेत हेमिंग्ज वंशजांना सभासदत्व, आणि त्यासोबत येणारा दफनाचा हक्क, द्यावा का यावर मतदान झाले. सभासदांनी मोठ्या बहुमताने नकार दिला. पुराव्याविषयी शंका घेणाऱ्यांची बाजू मी लक्षपूर्वक वाचली आहे, आणि गुणसूत्राच्या मर्यादेबद्दल ते म्हणतात ते खरे आहे. तरीही मला असे वाटते की घराण्याच्या दफनभूमीत प्रवेशासाठी जो पुरावा एका बाजूने वंशावळीच्या कागदावर मान्य होतो, तसा कागद दुसऱ्या बाजूला कधी करूच दिला नव्हता, हे मतदान करणाऱ्यांनी विचारात घ्यायला हवे होते. गुलामांची नावे जेफरसन यांच्या शेतीच्या वहीत आहेत. त्यांच्या जन्माच्या नोंदी मालमत्तेच्या नोंदी म्हणून झाल्या, आणि बापाचे नाव लिहिणे न लिहिणे मालकाच्या हाती होते. १९९३ पासून मॉन्टिचेलोत गुलामांच्या वंशजांच्या तोंडी हकिकती नोंदवून घेतल्या जात आहेत. त्या घरांमध्ये आजोबा-पणजोबांची नावे पाठ होती. लिहून ठेवायला दगड नव्हता, म्हणून ती सांगून ठेवली गेली होती.

सॅली १८३५ मध्ये शार्लट्सव्हिलमध्ये वारल्या. त्यांचे थडगे कुठे आहे हे माहीत नाही.

घर पाहून झाल्यावर पाहुण्यांना पायी खाली उतरायचे असेल, तर वाट या दफनभूमीवरून जाते. बहुतेक जण कठड्याला टेकून थांबतात, स्तंभ शोधतात, छायाचित्र घेतात. मीही तेच केले, आणि मग कारचा दगड कोणता असेल याचा अंदाज करत बराच वेळ तिथे उभी राहिले. दरवाजाला कुलूप होते. झाडी दाट होती, म्हणजे १७७१ च्या आराखड्यातली काळोखी सावली तेवढी खरी उतरली होती.

त्याच वाटेने अगदी खाली, वाहनतळाला लागून, झाडांच्या एका तुकड्याभोवती साधे लाकडी कुंपण आहे. गुलामांची दफनभूमी. ती घरापासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. २००१ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी वरचा मातीचा पातळ थर काढून ही जागा निश्चित केली. खड्डा खणून पुन्हा भरला की वरची आणि खालची माती मिसळते आणि तिचा रंग भोवतालच्या न हललेल्या जमिनीपेक्षा वेगळा राहतो. त्या आयताकृती डागांवरून थडगी ओळखता आली, आणि आतल्या कोणालाही हलवावे लागले नाही. चाळीसहून अधिक माणसे तिथे असावीत. त्यांतल्या एकाचेही नाव निश्चित सांगता येत नाही. काही थडग्यांच्या डोक्याशी आणि पायाशी शेतातून उचलून आणलेला एकेक दगड उभा रोवलेला आहे, न घडवलेला, न कोरलेला. सेवकाच्या थडग्यासाठी खडबडीत दगड वापरावा, असे १७७१ च्या आराखड्यात होतेच. तो आणून लावला मात्र त्यांच्याच माणसांनी.